वर जाणारे चाक कुठे वळते?

बंगळुरूच्या आर. व्ही. कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये विद्यार्थ्यांचे गाड्या बांधणारे वेगवेगळे संघ आहेत. २००३ मध्ये सुरू झालेला अश्व रेसिंग हा संघ डांबरी ट्रॅकवर धावणारी, जमिनीलगत बसकी, एका माणसाची फॉर्म्युला गाडी बनवतो. हेलिओस रेसिंग हा संघ बाजा स्पर्धेसाठी खड्ड्याखड्ड्यांतून उड्या घेत जाणारी गाडी बनवतो. कॉलेज एक, अभ्यासक्रम एक, आणि अशा दोन्ही प्रकारच्या गाड्यांत पुढचे चाक सांगाड्याला जोडण्याची रीतही बहुधा एकच असते: वर एक आणि खाली एक अशा दोन त्रिकोणी दांड्या, म्हणजे डबल विशबोन. पण फॉर्म्युला स्टुडंट या फॉर्म्युला गाड्यांच्या विद्यार्थी-स्पर्धेचा नियम सांगतो की चालक बसलेला असताना चाकाला वरखाली मिळून किमान ५० मिलिमीटर चाल हवी. बाजाच्या गाडीचे तेवढ्यावर भागत नाही; तिला २५ ते ३० सेंटीमीटर लागतात. पाहणाऱ्याला हा फरक फक्त आकड्याचा वाटतो. माझे म्हणणे असे आहे की चाल सहापट झाली की सस्पेन्शनच्या भूमितीचा विषयच बदलतो. रस्त्यावरच्या शर्यतीची भूमिती मोठी करून कच्च्या जमिनीवर चालत नाही. तिथे गाडी उभी असतानाचे कोन दुय्यम ठरतात आणि चाक अगदी वर किंवा अगदी खाली गेल्यावर कुठे बघते, यावर सगळे ठरते. ही भूमिती आधी नक्की व्हावी आणि सांगाडा, शॉकअप, स्टिअरिंग या गोष्टी तिच्या मागून याव्यात. प्रत्यक्षात हा क्रम फार वेळा उलटा होतो.

बाजा हे नाव मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्निया या वाळवंटी द्वीपकल्पावरून आले आहे. तिथे १९६७ पासून लांब पल्ल्याची शर्यत होते. तिच्या धर्तीवर १९७६ साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना विद्यापीठात विद्यार्थ्यांची स्पर्धा सुरू झाली, आणि २००७ साली एसएईइंडिया या संस्थेने ती भारतात मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला आणली. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयापासून बंगळुरूच्या महाविद्यालयांपर्यंत देशभरचे संघ तिथे गाड्या घेऊन जातात. पेट्रोल गटात अनेक वर्षे सर्वांना एकच इंजिन ठरवून दिलेले आहे, सुमारे १० अश्वशक्तीचे. इंजिन सारखेच असल्यामुळे जिंकणे-हरणे गाडीच्या वजनावर, चालकावर आणि चाकांच्या वागण्यावर येते. शेवटची शर्यत चार तासांची असते. दगड, चर, उंचवटे, उड्या यांच्यावरून चार तास गाडी जिवंत ठेवायची, हीच खरी परीक्षा. अनेक गाड्या तिथे वेग कमी पडल्यामुळे मागे राहत नाहीत; दांडी वाकल्यामुळे, टाय रॉड तुटल्यामुळे किंवा शाफ्ट सांध्यातून निघाल्यामुळे बाजूला उभ्या राहतात. या मोडतोडीचे खापर सहसा वेल्डिंगवर किंवा पोलादावर फुटते. पण दांडीवर नको त्या दिशेने जोर का आला, असे विचारत गेले तर बरेचदा उत्तर भूमितीत सापडते.

स्वतंत्र सस्पेन्शन म्हणजे काय, हे मराठी वाचकाला जुन्या गाड्यांवरून सहज कळेल. अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या दोन्ही गाड्यांच्या मागे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एक अखंड एक्सल होता आणि तो पाट्यांवर बसवलेला होता. एक चाक खड्ड्यात गेले की एक्सल तिरका होई आणि दुसरे चाकही त्याच्याबरोबर कलत असे. पुढे मात्र दोन्ही चाके सुटी होती, प्रत्येकाला स्वतःच्या दांड्या आणि स्वतःची स्प्रिंग. पद्मिनीला विशबोन आणि गुंडाळीची स्प्रिंग, अँबॅसडरला पीळ खाणारी सळई, म्हणजे टॉर्शन बार. पुढची चाके सुटी करण्यामागे आरामाइतकेच सुरक्षिततेचे कारण होते. १९२०च्या दशकात गाड्यांचा वेग वाढला, टायर फुगीर झाले, आणि अखंड एक्सलवरची पुढची चाके थरथर कापू लागली. फिरते चाक भोवऱ्याच्या नियमाने वागते; एक्सल कलला की चाक आपोआप वळू पाहते, वळले की एक्सल पुन्हा कलतो, आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेले मॉरिस ऑली यांनी या प्रश्नावर काम केले आणि १९३४च्या मॉडेलांपासून त्या कंपनीने पुढची चाके सुटी केली. थरथर गेली, पण तिच्या जागी एक नवी जबाबदारी आली. अखंड एक्सलवरची दोन चाके एकमेकांशी बांधलेली असतात, त्यामुळे त्यांच्यातले अंतर आणि कोन बदलत नाहीत. सुटे चाक मात्र त्याच्या दांड्या नेतील तसेच जाते. दांड्या चुकीच्या असतील तर चाकाला वाचवणारे दुसरे काहीच नसते.

दांडी सांगाड्याला बिजागरीने जोडलेली असते, म्हणून तिचे टोक सरळ रेषेत वर जात नाही. बिजागरीवरच्या दाराची मोकळी कड उघडताना जसे वर्तुळ कापते, तसे ते कमान कापत जाते. आता साधे गणित करू. समजा वरची आणि खालची अशा दोन्ही दांड्या ३५ सेंटीमीटरच्या, समांतर, आणि गाडी उभी असताना आडव्या आहेत. चाक १५ सेंटीमीटर वर गेले, तर पायथागोरसच्या प्रमेयाने दांडीची आडवी लांबी ३१.६ सेंटीमीटर उरते. म्हणजे चाक सुमारे ३.४ सेंटीमीटर आत ओढले जाते. चाकाला वळवणारा टाय रॉडही असाच एका टोकाला अडकलेला आहे आणि तोही स्वतःची कमान कापतो. तो ३५ ऐवजी ३० सेंटीमीटरचा असेल, तर त्याचे टोक ४ सेंटीमीटर आत येते. चाक ३.४ आत आले आणि टाय रॉड ४ आत ओढतो आहे. मधला सुमारे ६.४ मिलिमीटरचा फरक कुठे जाणार? तो चाक वळवण्यात जातो. चाकाचा स्टिअरिंग आर्म १० सेंटीमीटरचा धरला, तर चाक जवळपास ३.७ अंशांनी वळते, आणि चालकाने स्टिअरिंगला हातही लावलेला नसतो. यालाच बम्प स्टिअर म्हणतात. आता याच दांड्या, हाच टाय रॉड फॉर्म्युला गाडीला लावा, जिथे चाक वर जाते ते अडीच सेंटीमीटर. फरक भरतो ०.१५ मिलिमीटर आणि चाक वळते अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी. चाल सहापट वाढली, चूक त्रेचाळीसपट. कमानीचे गणित असेच आहे: चूक अंतराच्या वर्गाने वाढते, आणि दांडी फार कलू लागली की त्याहूनही वेगाने. म्हणून फॉर्म्युला गाडीत जी चूक कुणाच्या लक्षातही येणार नाही, ती बाजाच्या गाडीत चालकाच्या हातातून स्टिअरिंग हिसकावते.

हे ३५ आणि ३० चे उदाहरण हवेतून घेतलेले नाही. आपल्याकडे अनेक विद्यार्थी-संघांनी रस्त्यावरच्या छोट्या गाडीची, विशेषतः मारुती ८०० ची, स्टिअरिंग रॅक वापरली आहे, कारण ती स्वस्त मिळते आणि टिकते. पण ती रॅक बनली त्या गाडीच्या पुढच्या भागाच्या मापाने. बाजाच्या गाडीचे नाक मुद्दाम अरुंद ठेवतात, म्हणजे दांड्या लांब करता येतात. अरुंद नाकात रुंद रॅक बसवली की तिची टोके दांड्यांच्या बिजागरीपेक्षा बाहेर येतात आणि टाय रॉड दांडीपेक्षा आखूड होतो. भूमितीचा नियम सोपा आहे. वरच्या दांडीची बिजागरी आणि खालच्या दांडीची बिजागरी यांना जोडणारी रेषा काढा. टाय रॉडचे आतले टोक या रेषेवर पडले पाहिजे. बाहेरच्या दोन बॉल जॉइंटना जोडणाऱ्या रेषेवर त्याचे बाहेरचे टोक पडले पाहिजे. आणि तिन्ही दांड्यांच्या रेषा वाढवल्या तर त्या एकाच बिंदूत मिळाल्या पाहिजेत, किंवा तिन्ही समांतर असल्या पाहिजेत. ज्या रॅकने हे जमत नाही ती रॅक कितीही स्वस्त असली तरी महाग पडते. ती कापून आखूड करावी किंवा स्वतंत्र बनवून घ्यावी. संघाच्या अंदाजपत्रकात पहिला खर्च मला विचाराल तर इथे व्हायला हवा.

दांड्या लांब केल्या की कमान सपाट होते आणि सगळ्याच चुका आक्रसतात, मग दांड्या हव्या तितक्या लांब का करत नाहीत? कारण गाडीच्या रुंदीला मर्यादा आहे. बाजाच्या नियमांनी ही मर्यादा १६२ सेंटीमीटर, म्हणजे ६४ इंच, ठेवलेली आहे. त्यातून दोन टायरांची रुंदी वजा करा, चालकाचे पाय मावतील एवढे नाक वजा करा, हब आणि ब्रेकची जागा वजा करा. प्रत्येक बाजूला दांडीसाठी साधारण ३५ सेंटीमीटर उरतात. आकडा असा मर्यादेतून येतो. डकार रॅलीच्या अनुभवातूनही हेच दिसते. २०२२ साली तिथे गाड्यांचा टी-१ प्लस हा नवा गट आला, तेव्हा चाकाची चाल २८० मिलिमीटरवरून ३५० वर नेण्याची परवानगी मिळाली, आणि त्याच नियमात गाडीची रुंदीही २ मीटरवरून २.३ मीटर करण्यात आली. चाल आणि रुंदी एकत्र वाढली, कारण चाल वाढवून दांडी तेवढीच ठेवली तर कमान हाताबाहेर जाते. मागच्या चाकांना आणखी एक लगाम असतो. इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणारा हाफ शाफ्टही दोन सांध्यांवर हलतो आणि त्याचीही एक कमान असते. त्याचा सीव्ही जॉइंट ठरावीक कोनापलीकडे वाकत नाही; त्या कोनाजवळ सतत फिरत राहिला तर तापतो, झिजतो, शेवटी निखळतो. तेव्हा मागच्या चाकाची चाल किती, हे शॉकअपच्या लांबीपेक्षा शाफ्टच्या कोनाने ठरते. शॉकअप लांब मिळाला म्हणून चाल वाढवणाऱ्या संघाला हे चार तासांच्या शर्यतीत कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

कच्च्या जमिनीची दुसरी मोठी गोष्ट अशी की तिथले धक्के खालून येत नाहीत. आपण खड्डा म्हटला की चाक वर फेकले जाते अशी कल्पना करतो. पण ५८ सेंटीमीटर व्यासाचे, म्हणजे २३ इंची, चाक १० सेंटीमीटर उंच दगडाच्या कडेवर आदळले, तर त्या क्षणी दगडाचा स्पर्श चाकाला पुढून होतो. स्पर्शबिंदूपासून चाकाच्या मध्याकडे काढलेली रेषा उभ्या रेषेशी ४९ अंशांचा कोन करते. टायर दबतो, त्यामुळे प्रत्यक्षात कोन थोडा बदलेल, पण मुद्दा तोच राहतो: धक्क्याचा मागे ढकलणारा भाग वर उचलणाऱ्या भागापेक्षा मोठा आहे. फक्त वरखाली हलणारे सस्पेन्शन या मागे ढकलणाऱ्या धक्क्याचे काहीच करू शकत नाही. तो थेट दांड्यांच्या बिजागरीत, वेल्डमध्ये आणि चालकाच्या मनगटात जातो. म्हणून जाणकार संरचनाकार पुढच्या दांड्यांची बिजागरीची रेषा पुढून थोडी उंच ठेवतात. मग चाक वर जाताना मागेही सरकते. ही रेषा १० अंश कलवली तर १५ सेंटीमीटर वर जाताना चाक सुमारे अडीच सेंटीमीटर मागे जाते आणि धक्का पसरतो. याची किंमत आहे: ब्रेक लावल्यावर गाडीचे नाक जास्त खाली झुकते. डांबरी ट्रॅकवर ही किंमत परवडणार नाही, म्हणून तिथे उलट कल देऊन नाक वर धरतात. बाजाच्या गाडीत ती आनंदाने द्यावी. एकच कोन एका ठिकाणी गुण आणि दुसऱ्या ठिकाणी दोष ठरतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप पैसेवाल्या संघांचा असतो. आज हवेवर चालणारे, दाब बदलता येणारे उत्तम शॉकअप मिळतात. ते घेतले की भूमितीतल्या उणिवा झाकल्या जातात, असे त्यांना वाटते. पण शॉकअपला जी हालचाल मिळते ती भूमितीतूनच मिळते. चाक १० सेंटीमीटर हलले आणि शॉकअप ६ सेंटीमीटर दबला, तर हे गुणोत्तर ०.६ झाले. चाकापाशी जाणवणारा स्प्रिंगचा कडकपणा या गुणोत्तराच्या वर्गाने ठरतो, म्हणजे स्प्रिंगच्या मूळ कडकपणाचा फक्त ३६ टक्के. आता दांडी वर जाताना शॉकअप आडवा होत गेला आणि गुणोत्तर ०.६५ वरून ०.५५ वर उतरले, तर चाकापाशी त्याच स्प्रिंगचा हिस्सा २८ टक्क्यांनी घटतो. उडी मारून गाडी जमिनीवर आपटते आहे, सर्वांत जास्त कडकपणा हवा आहे, आणि नेमकी तेव्हा गाडी मऊ पडते. चाक वर जाईल तसा शॉकअप दांडीशी काटकोनाकडे जावा, अशी त्याची जागा निवडली तर साधा शॉकअपही काम देतो. महागडा शॉकअप चुकीच्या जागी बसवला तर त्याचा दाब वाढवत राहावे लागते, आणि मग लहान खड्ड्यांवर गाडी दगडासारखी होते. शिवाय बम्प स्टिअरवर तर शॉकअपचा काहीच इलाज नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचारपूर्वक केलेला असतो. माती सैल असते, चाक तसेही घसरत चालते. मग अंश-दोन अंशांची एवढी चिंता कशाला? यातला अर्धा भाग मला मान्य आहे. चाक उभ्या रेषेशी किती कलले आहे, म्हणजे कॅम्बर किती आहे, यावर डांबरी ट्रॅकची गाडी जगते. सपाट टायर दोन-तीन अंश जास्त कलला तरी तिची पकड जाते. मातीत पकड येते ती टायरचे दात जमिनीत रुतण्यामुळे, आणि गोलसर टायर थोडा कलला तरी दात रुततातच. तेव्हा फॉर्म्युला संघ ज्याच्यासाठी रात्री जागवतो तो कॅम्बर बाजाच्या गाडीत खरोखरच मागच्या बाकावर बसतो, आणि त्याच्यासाठी चाल किंवा टिकाऊपणा सोडण्यात अर्थ नाही. पण चाक डावी-उजवीकडे किती वळले आहे, हा प्रश्न वेगळा आहे. उडी घेतलेल्या गाडीची चाके हवेत पूर्ण खाली लटकतात. ती त्या अवस्थेत तीन-चार अंश वळलेली असतील, तर जमिनीला टेकताक्षणी गाडी ज्या दिशेला जात आहे त्या दिशेला तिची चाके जात नाहीत. एकच चाक आधी टेकले तर गाडी त्या बाजूला झेपावते. टाय रॉड वाकतात ते बहुधा अशाच क्षणी. आणि १० अश्वशक्तीच्या गाडीत तर चाक तिरके घासत नेण्यात जाणारी ताकद ही आधीच तुटपुंज्या ताकदीतून वजा होते. सैल माती चूक लपवते हे खरे, पण तिची किंमत माफ करत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. कच्च्या रस्त्याचे खरे राजे अखंड एक्सलवालेच आहेत, असे अनेक जाणकार सांगतात. मारुती जिप्सीला पुढेमागे पाट्यांवरचे अखंड एक्सल होते, आणि बंगळुरूच्या आसपास खडकाळ चढणींवर गाड्या चढवणाऱ्या हौशींत तिचा मान अजून मोठा आहे. २०२३ मध्ये भारतात आलेल्या सुझुकी जिम्नीनेही दोन्हीकडे अखंड एक्सल ठेवले. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये चिखलातून, ओढ्यांतून, विंचच्या आधाराने गाड्या ओढाव्या लागतात. तिथे अखंड एक्सलची ताकद आणि साधेपणा निर्विवाद उपयोगी पडतो. एक चाक वर गेले की दुसरे आपोआप खाली दाबले जाते, आणि एक्सलखालची जागा कायम तेवढीच राहते. हे सगळे मान्य करूनही लक्षात घ्यावे की या स्पर्धांत वेग कमी असतो. वेग वाढला की अखंड एक्सलचे संपूर्ण वजन, डिफरन्शियलसकट, प्रत्येक खड्ड्यावर नाचू लागते आणि चाक जमिनीवर टिकत नाही. तरीही मेक्सिकोच्या शर्यतीतल्या बऱ्याच ट्रॉफी ट्रकांच्या मागे अखंड एक्सलच असतो, हे उदाहरण माझ्या विरुद्ध जाते असे वाटेल. पण त्याच ट्रकांची पुढची, वळणारी चाके सुटी असतात, आणि मागचा एक्सल पाट्यांवर ठेवलेला नसतो. तो लांबलचक दांड्यांनी धरलेला असतो, म्हणजे तिथेही कमान सपाट करण्याचीच धडपड आहे. आपल्याकडे २०२० च्या महिंद्रा थारने आणि २०२१ च्या फोर्स गुरखाने पुढे डबल विशबोन आणि मागे दांड्यांवरचा अखंड एक्सल हीच वाट निवडली. जमीन आणि वेग पाहून एक्सल निवडावा. बाजासारख्या हलक्या, वेगाने उड्या घेणाऱ्या गाडीत निदान पुढची चाके सुटी हवीत, आणि ती सुटी करायची असतील तर भूमितीचे हे सगळे ओझे उचलायलाच हवे.

शेवटचा आक्षेप बंगळुरूत तर फारच स्वाभाविक आहे. मर्सिडीज-बेंझचे संशोधन केंद्र या शहरात १९९६ पासून आहे, आणखी कित्येक कंपन्यांच्या गाड्यांची गणिते इथल्या संगणकांवर होतात. लोटस शार्क किंवा अॅडम्ससारख्या प्रणालीत बिंदू भरले की सगळे आलेख क्षणात समोर येतात, मग एवढे डोके कशाला लावायचे? लावायचे, कारण प्रणाली आपण विचारू तेवढेच सांगते. गाडी उभी असतानाचा कॅम्बर सुंदर करून दे म्हटले तर ती करून देते. चाक पूर्ण लटकल्यावर ते कुठे बघेल हे विचारलेच नाही, तर सांगत नाही. कशाला किती महत्त्व द्यायचे हा निर्णय माणसाचा आहे आणि तो जमिनीकडे बघून घ्यावा लागतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पडद्यावरचा बिंदू आणि वेल्ड केलेला बिंदू एक नसतो. नळीला ब्रॅकेट जोडताना उष्णतेने धातू ओढला जातो. वरच्या उदाहरणात टाय रॉड अगदी अचूक ३५ सेंटीमीटरचा घ्या, पण त्याचे आतले टोक फक्त ५ मिलिमीटर खाली बसवा. चाक १५ सेंटीमीटर वर जाताना सुमारे १.४ अंश वळेल. डावीकडे टोक ५ मिलिमीटर वर आणि उजवीकडे ५ मिलिमीटर खाली गेले, तर दोन्ही चाके एकाच बाजूला वळू लागतील आणि सरळ रस्त्यावरच्या प्रत्येक उंचवट्यावर गाडी त्या बाजूला पळेल. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने १९४० साली याच शहरात विमानांचा कारखाना काढला, १९५३ साली इथे यंत्रे बनवणाऱ्या एचएमटीचा पहिला कारखाना आला, आणि पुढे पीन्याच्या औद्योगिक वसाहतीत अचूक यंत्रकाम करणारे असंख्य छोटे कारखाने वाढले. विमानाचा सांगाडा जिगमध्ये, म्हणजे सुटे भाग जागच्या जागी पकडणाऱ्या चौकटीत, घट्ट धरूनच जोडतात. ही परंपरा शेजारी असताना संघांनी सांगाडा जमिनीवर ठेवून अंदाजाने ब्रॅकेट जोडणे मला पटत नाही. दांड्यांच्या सगळ्या बिजागऱ्या एका पोलादी जिगवर पक्क्या करून मगच वेल्ड कराव्यात. या शहराकडे ते करण्याचे कौशल्य आणि यंत्रे दोन्ही आहेत.

आणि वेल्ड झाल्यावरही मोजावे. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. स्प्रिंग काढून ठेवा, सांगाडा स्टँडवर पक्का करा, हबला एक सरळ पट्टी बांधा, गाडीच्या मध्यरेषेला समांतर एक दोरी ताणा. खालच्या दांडीखाली जॅक लावून चाक पूर्ण लटकलेल्या अवस्थेपासून पूर्ण वरपर्यंत अडीच-अडीच सेंटीमीटरने उचला आणि प्रत्येक वेळी पट्टीच्या दोन्ही टोकांचे दोरीपासूनचे अंतर लिहून काढा. डाव्या-उजव्या चाकांचे असे दोन तक्ते होतील. ते जुळत नसतील तर जिग चुकले आहे. जुळत असून टोकाला चाक अंशाहून जास्त वळत असेल तर टाय रॉडची जागा चुकली आहे. रॅकखाली पातळ पत्र्याचे तुकडे घालून ती वरखाली करता येईल अशी सोय ठेवली, तर हा दोष एका दुपारीत निघतो. माझी विनंती महाविद्यालयांना आहे: गाडी पहिल्यांदा मैदानावर नेण्याआधी हे दोन तक्ते मार्गदर्शक प्राध्यापकांच्या सहीसह पूर्ण झालेले असावेत, आणि संघ बदलला तरी ते पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हाती पडावेत.